तोटा मागच्या वर्षात न्यावा की पुढे ओढावा? ब्रिटनमधल्या छोट्या कंपनीच्या मालकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर सल्ल्याची लिमिटेड कंपनी, सगळे शेअर एकाच माणसाचे, हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. मार्च 2025 अखेरच्या वर्षात करपात्र नफा 60,000 पौंड झाला आणि त्यावर 12,150 पौंड कॉर्पोरेशन टॅक्स भरला. नंतर मोठं गिऱ्हाईक गेलं, माणसं मात्र काढली नाहीत, आणि मार्च 2026 अखेर 40,000 पौंडांचा तोटा आला. मार्च 2027 अखेरच्या वर्षात 1,40,000 पौंड नफा होईल असा अंदाज आहे. अकाउंटंट म्हणतो, तोटा मागे न्या, म्हणजे मागच्या वर्षाच्या नफ्यातून वजा करा, आणि भरलेल्या करातले पैसे परत घ्या. मित्र म्हणतो, पुढे ओढा, म्हणजे येणाऱ्या वर्षाच्या नफ्यातून वजा करा, कर जास्त वाचेल. शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत: ‘पुण्यात माझी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, पण तिचा इथे काही संबंध नाही’ आणि ‘बायकोने ऑक्टोबर 2024 मध्ये नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलं, तिलाही पहिल्या वर्षी 18,000 पौंड तोटा आहे.’

पुण्याच्या कंपनीचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. पण आधी ती नाही असं धरून मूळ हिशेब करू, म्हणजे मित्र आणि अकाउंटंट दोघे नेमकं कशावर बोलताहेत ते कळेल.

1 एप्रिल 2023 पासून ब्रिटनमध्ये कंपनीच्या नफ्यावर दोन दर आहेत. 50,000 पौंडांपर्यंत नफा असेल तर 19 टक्के, 2,50,000 च्या वर गेला तर सगळ्यावर 25 टक्के. मधल्या पट्ट्यात मार्जिनल रिलीफ मिळतो. रिलीफ म्हटलं की काहीतरी सवलत वाटते, पण 50,000 नंतर कमावलेल्या प्रत्येक जादा पौंडावर प्रत्यक्षात 26.5 टक्के कर बसतो, म्हणजे मोठ्या कंपनीच्या दरापेक्षाही जास्त. तोट्याचा विचार करताना सगळं लक्ष या 26.5 वर हवं. कंपनीने सरासरी किती टक्के कर भरला याला इथे काही अर्थ नाही. तोटा नफ्याच्या वरच्या थरापासून खाली खात येतो, आणि तो ज्या थरात बसतो त्या थराचा दर तुम्हाला मिळतो.

तुमचे 40,000 मागच्या वर्षात नेले तर 60,000 चा नफा 20,000 वर येतो. वरचे 10,000 पौंड 26.5 टक्क्यांच्या थरातले, त्यावर 2,650 वाचले. खालचे 30,000 पौंड 19 टक्क्यांचे, त्यावर 5,700. एकूण परतावा 8,350 पौंड. हेच 40,000 पुढे ओढले आणि खरोखरच 1,40,000 नफा झाला, तर नफा 1,00,000 वर येतो. सगळा तोटा 26.5 च्या पट्ट्यात बसतो आणि 10,600 पौंड वाचतात. फरक 2,250 पौंडांचा. मित्र हाच आकडा बघतोय.

अकाउंटंट कॅलेंडर बघतोय. मार्च 2026 चं रिटर्न तुम्ही या उन्हाळ्यात भरलंत तर परतावा त्यानंतर काही आठवड्यांत हातात पडू शकतो. पुढे ओढलेल्या तोट्याचा फायदा मात्र मार्च 2027 च्या वर्षाचा कर भरताना, म्हणजे 1 जानेवारी 2028 ला दिसणार. सुमारे दीड वर्षाची वाट. 8,350 वर दीड वर्षात 2,250 जादा म्हणजे साध्या हिशेबाने वर्षाला 18 टक्के झाले. तुमची ओव्हरड्राफ्ट याहून स्वस्त असेल आणि पगार वेळेवर निघत असतील, तर थांबणं कागदावर तरी फायद्याचं आहे.

‘कागदावर’ म्हणतो, कारण त्या 1,40,000 ची खात्री किती? 8,350 भागिले 10,600 केलं तर 79 टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे पुढचा नफा होण्याची शक्यता पाचात चारपेक्षा कमी वाटत असेल, तर व्याजाचा विचार न करताही मागे नेणंच शहाणपणाचं. ज्या वर्षी तोटा झाला त्याच वर्षी केलेला पुढच्या वर्षाचा अंदाज हा बहुतेक वेळा आशेचा आकडा असतो. माझा साधा नियम असा आहे की सही झालेलं कंत्राट दाखवा, मग त्या नफ्याला मी नफा म्हणतो. बोलणी चालू आहेत, ईमेल आलाय, समोरचा फार उत्सुक आहे, हे सगळं मी निम्म्याने धरतो.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: निर्णय आज घ्यायची सक्ती नाही. तोटा मागे नेण्याचा दावा तोट्याचं वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत करता येतो. तुमच्या बाबतीत ती तारीख 31 मार्च 2028. म्हणजे पैशांची निकड नसेल तर मार्च 2027 चं वर्ष संपू द्या, खरा नफा बघा, आणि मग ठरवा. नफा 60,000 च्या वर गेला तर पुढे ओढण्यात जास्त वाचतं, खाली राहिला तर मागे नेण्यात. (दोन्हीकडे सारखाच आकडा आला की फायदाही सारखाच, म्हणून सीमा बरोबर 60,000 वर पडते.) थांबण्याची किंमत एवढीच की परतावा तेवढा लांबतो.

आता नियमांच्या आडमुठ्या बाजूकडे येतो. मागे नेताना तोटा तुकड्यात नेता येत नाही. ‘माझे फक्त 10,000 मागे न्या, म्हणजे 26.5 चा थर खाल्ला जाईल, बाकीचे 30,000 पुढे ठेवा’ असा मोह सगळ्यांना होतो, आणि कायदा तो चालू देत नाही. दावा केला की आधी तोट्याच्याच वर्षातलं इतर उत्पन्न, जसं बँकेचं व्याज, त्यात तोटा जिरतो. मग मागच्या 12 महिन्यांचा नफा संपेपर्यंत तो जातो, आणि त्यातूनही उरला तर पुढे. पुढे ओढताना उलट आहे. 1 एप्रिल 2017 नंतरचा तोटा पुढच्या वर्षी कोणत्याही नफ्यातून वजा करता येतो आणि किती वापरायचा ते तुम्ही ठरवता. 19 टक्क्यांच्या थराला हात न लावता 26.5 चाच थर खायचा, हे पुढच्या दिशेने जमतं. मोठ्या कंपन्यांना 50 लाख पौंडांच्या वर निम्म्याचीच मर्यादा आहे, पण तुमच्या-माझ्यासारख्यांना ती लागू होत नाही.

तोट्याचा आकार मात्र थोडाफार हातात असतो. यंत्रसामग्रीवर मिळणारी पूर्ण वजावट कंपनी कमी घेऊ शकते, अगदी सोडूनही देऊ शकते. मोठी यंत्रं घेतलेल्या कारखान्यासाठी हे खरं हत्यार आहे. तुम्ही 12,000 पौंडांचे लॅपटॉप आणि सर्व्हर घेतलेत असं लिहिलंय. ती वजावट सोडली तर परतावा 2,280 ने कमी होईल आणि तीच रक्कम पुढे दरवर्षी ठरावीक टक्क्याने, थेंबाथेंबाने मिळेल, कारण त्या खर्चावर पूर्ण वजावट घेण्याची संधी खर्चाच्या वर्षीच असते. तुमच्या बाबतीत याच्या नादी लागू नका.

दोन बारीक गोष्टी. मागच्या वर्षी कंपनीने धर्मादाय देणगी दिली असेल आणि मागे नेलेल्या तोट्याने नफा शून्यावर आला, तर देणगीची वजावट वाया जाते, ती पुढे जात नाही. तुमचे 20,000 शिल्लक राहतात, त्यामुळे चिंता नाही. आणि कंपनीकडे व्हॅटची किंवा पगारावरच्या कराची थकबाकी असेल, तर एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं करखातं, परतावा आधी तिकडे वळवू शकते. ‘पैसे येणार’ म्हणून ज्यांना शब्द दिलाय त्यांना हे आधी सांगून ठेवा. संचालकाने कंपनीतून उचललेल्या कर्जावर जो वेगळा कर लागतो, तोही तोट्याने कमी होत नाही.

आता पुणे.

50,000 आणि 2,50,000 या मर्यादा एका कंपनीसाठी आहेत. एकाच माणसाच्या नियंत्रणाखाली आणखी कंपन्या असतील तर त्या असोसिएटेड धरल्या जातात आणि मर्यादा तितक्या भागांत वाटली जाते. ती कंपनी ब्रिटनमध्येच असायला हवी अशी अट नाही. जगात कुठेही असो, मोजली जाते. फक्त कोणताही धंदा न करणारी, खऱ्या अर्थाने निष्क्रिय कंपनी वगळतात. तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या कंपनीत तुमचे 60 टक्के शेअर, वडिलांचे 40, आणि वर्षाला थोडीफार बिलं निघतात. म्हणजे नियंत्रण तुमचं आणि धंदा चालू. ती मोजली जाणार. (शेअर वडिलांचे जास्त आणि तुमचे कमी असते, तर दोन कंपन्यांचे आर्थिक व्यवहार खरोखर एकमेकांत गुंतलेत का, हा वेगळा प्रश्न आला असता. इथे तो येतच नाही.)

त्यामुळे तुमच्या ब्रिटिश कंपनीसाठी मर्यादा 25,000 आणि 1,25,000 पौंड झाल्या. 26.5 चा पट्टा आता 25,000 पासूनच सुरू होतो. मार्च 2025 च्या 60,000 वर खरा कर 14,025 बसायला हवा होता, तुम्ही 12,150 भरलात. 1,875 कमी भरले गेलेत.

आता तोटा परत मांडू. मागे नेला तर 60,000 वरून 20,000. वरचे 35,000 आता 26.5 च्या थरात आहेत, त्यावर 9,275, आणि खालच्या 5,000 वर 19 टक्क्यांनी 950. एकूण 10,225. पुढे ओढला तर 1,40,000 वरून 1,00,000. वरच्या 15,000 वर 25 टक्क्यांनी 3,750 आणि बाकी 25,000 वर 26.5 ने 6,625. एकूण 10,375. मघाचा 2,250 चा फरक आता 150 पौंडांवर आला. 150 पौंडांसाठी दीड वर्ष थांबायचं, आणि तेही सही न झालेल्या कंत्राटाच्या भरवशावर? वाद इथेच मिटतो. तोटा मागे न्या.

दुसराही एक फायदा आहे. तोटा मागे गेला की मार्च 2025 चा नफा 20,000 उरतो, तो कोणत्याही मर्यादेच्या खाली आहे, आणि त्यावर कर 3,800 च. तुम्ही भरलेत 12,150. म्हणजे हातात येणारी रक्कम 8,350, आणि ते कमी भरलेले 1,875 यातच जिरून जातात. पुढे ओढायचं ठरवलं असतं तर ते आत्ता खिशातून भरावे लागले असते. याचा अर्थ चूक झाकली जाते असा मात्र घेऊ नका. मार्च 2025 चं रिटर्न दुरुस्त करायची मुदत 31 मार्च 2027 पर्यंत आहे. असोसिएटेड कंपनीचा रकाना आधी बरोबर भरून दुरुस्ती पाठवा, आणि तोट्याचा दावा त्यासोबत किंवा त्यानंतर करा. आपणहून सांगितलेल्या चुकीकडे दंड ठरवताना वेगळ्या नजरेने बघितलं जातं. परताव्याचा दावा तपासताना एचएमआरसीनेच पुण्याची कंपनी शोधून काढली, तर गोष्ट निराळी.

पुण्याच्या कंपनीला स्वतःचा तोटा असेल तर तो इथे आणता येणार नाही, तो तिथेच राहील. भारतात तोटा मागे नेण्याची सोयच नाही. धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. इकडची सवय तिकडे लावून ‘नंतर भरू’ म्हणणारे बरेच भेटतात. उशिरा भरलेल्या रिटर्नमधला व्यवसायाचा तोटा तिथे पुढे जात नाही, घसाऱ्याचा उरलेला भाग तेवढा जातो.

धंदा बंद करायचा विचार मनात असेल तर मात्र सगळंच बदलतं. शेवटच्या 12 महिन्यांतला तोटा तीन वर्षं मागे नेता येतो, अलीकडच्या वर्षापासून सुरुवात करून. बंद पडणाऱ्या धंद्याचा तोटा पुढे ओढून ठेवणं म्हणजे तो फेकून देणंच. कंपनी विकायची असेल तरी ‘आत तोटा साठलाय, त्याची किंमत मिळेल’ यावर विसंबू नका. मालकी बदलली आणि त्याच्या आगेमागे काही वर्षांत धंद्याचं स्वरूप बदललं, तर साठलेला तोटा हातचा जाऊ शकतो. खरेदी करणाऱ्याचा सल्लागार हे जाणून असतो आणि किंमत त्याच हिशेबाने लावतो.

आता वहिनींचं. त्यांची कंपनी नाही, स्वतःच्या नावावर काम आहे, म्हणून नियम वेगळे आणि पर्याय जास्त. 2024-25 चा तोटा 18,000. तुम्ही दिलेले आकडे: 2021-22 मध्ये पगार 62,000, 2023-24 मध्ये 64,000, आणि 2024-25 मध्ये नोकरी सोडेपर्यंत 31,000. त्या इंग्लंडमध्ये राहतात असं धरतो. स्कॉटलंडमध्ये दर वेगळे आहेत.

पहिला पर्याय, त्याच वर्षाच्या पगारातून वजा करणं. 31,000 च्या पगाराचा करपात्र भाग सगळा 20 टक्क्यांत आहे, त्यामुळे 3,600 वाचतात. दुसरा, आदल्या वर्षाच्या, म्हणजे 2023-24 च्या पगारातून. 50,270 च्या वरचे 13,730 पौंड 40 टक्क्यांचे, त्यावर 5,492, आणि उरलेल्या 4,270 वर 854. एकूण 6,346. तिसरा पर्याय नव्या धंद्यासाठी खास आहे. पहिल्या चार करवर्षांतला तोटा तीन वर्षं मागे नेता येतो, पण तिथे क्रम उलटा, सर्वांत जुनं वर्ष आधी. म्हणजे तो 2021-22 मध्ये जाऊन पडणार: 11,730 वर 40 टक्के आणि 6,270 वर 20 टक्के, मिळून 5,946. चौथा, तोटा पुढे ओढून पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करणं. तिथे आजच्या दराने 20 टक्के आयकर आणि 6 टक्के क्लास 4 नॅशनल इन्शुरन्स (स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या नफ्यावर लागणारी सामाजिक विम्याची वर्गणी) धरून 4,680.

आदलं वर्ष सरळ जिंकतं. शिवाय एक गंमत आहे, जी अनेक जण दाव्यात लिहायलाच विसरतात. तोटा पगारातून वजा केला तरी क्लास 4 च्या हिशेबात तो संपत नाही, कारण पगारावर क्लास 4 लागतच नाही. तो पुढच्या धंद्याच्या नफ्यासाठी शिल्लक राहतो, आजच्या दराने आणखी 1,080 पौंड. पुढच्या प्रत्येक रिटर्नमध्ये हा आकडा वेगळा लिहून न्यायचा, नाहीतर तो कोणीच आठवण करून देत नाही.

2025-26 मध्येही त्यांना तोटा झाला असेल तर तीन वर्षांचा पर्याय परत उघडा आहे, आणि तो आधी 2022-23 च्या पगारात जाईल. ते वर्ष आत्ता न वापरता राहतंय, हे चांगलंच आहे. या सगळ्या पर्यायांतही तोटा तुकड्यात नेता येत नाही. उत्पन्न कमी असलेल्या वर्षात तो नेला तर 12,570 च्या करमुक्त मर्यादेतही घुसतो आणि तेवढा भाग वाया जातो. म्हणून वर्ष निवडताना आधी त्या वर्षाचा पगार बघायचा. आणि धंदा नफ्याच्या उद्देशाने, व्यावसायिक पद्धतीने चालवला जातोय हे दाखवता आलं पाहिजे. गिऱ्हाइकांना पाठवलेली कोटेशन, वेबसाइटची बिलं, कामाच्या तासांची नोंद जपून ठेवायला सांगा. छंदाला धंद्याचं नाव दिलंय असा संशय आला की पगारातून घेतलेली वजावट पहिली तपासली जाते. त्या रोख पद्धतीने, म्हणजे पैसे प्रत्यक्ष आले-गेले तेव्हाच नोंद करून, हिशेब ठेवत असतील तरी हरकत नाही, असा तोटा पगारातून वजा करण्यावरचं बंधन 2024-25 पासून उठलंय.

त्यांची मुदत तुमच्याआधी संपते. 2024-25 च्या तोट्यासाठी 31 जानेवारी 2027. तुमच्या कंपनीचं मार्च 2026 चं रिटर्न 31 मार्च 2027 पर्यंत भरता येतं, पण परतावा हवाय तर तोपर्यंत कशाला थांबायचं? पुण्याच्या कंपनीच्या शेअर रजिस्टरची प्रत आणि 2024-25 आणि 2025-26 या दोन्ही वर्षांची तिची बिलं अकाउंटंटला आधी पाठवा. त्याला बहुधा ती कंपनी आहे हेच माहीत नसावं, नाहीतर 12,150 हा आकडा आलाच नसता.